आप्पा, तुम्ही चिठ्ठी हातात दिलीत

आदरणीय आप्पा,
नमस्कार.

डेअरीवर तोंडावर आभार मानले तर तुम्ही "बरं बरं, कॅन नीट धुत जा" म्हणून विषय बदलाल. म्हणून हे चार लोकांत, उघड लिहिते. पोरगी अजून शाळेत आहे, त्यामुळे गावाचं आणि माझं नाव घालत नाही. तुम्हाला ओळख पटेल.

मालक गेल्यावर माझीही एचआयव्हीची तपासणी झाली आणि पॉझिटिव्ह निघाली. औषधाचा प्रश्न नव्हता. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या २००४ पासून सरकार फुकट देतं. रोजची एक गोळी मी चुकवत नाही, आणि व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती ते सांगणाऱ्या रिपोर्टात आता विषाणू सापडत नाही. प्रश्न होता पोटाचा. खुरपायला जायचे तिथं आधी पाण्याचा तांब्या वेगळा झाला, मग बोलावणंच बंद झालं. बचत गटानं माझी बचत मोजून परत केली. आजाराचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. दवाखान्यातल्या एका माणसानं भर वॉर्डात मोठ्यानं सांगितलं, आणि मी घरी पोचायच्या आत गावाला कळलं होतं. संमतीशिवाय असं सांगायला आणि आजारावरून कामावरून काढायला २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं बंदी आहे. समुपदेशक ताईंनी हे समजावलं, पण तोवर सगळं होऊन गेलं होतं.

मदत करणारे आलेच नाहीत असं म्हणणार नाही. तालुक्याच्या गावी मंडप टाकून एका संस्थेनं आम्हा बायकांना शिलाई मशीन वाटलं. हार, फोटो, भाषणं झाली. मशीन घरी आलं. पण जिथं माझ्या हातचं पाणी चालत नाही, तिथं माझ्या हातचं ब्लाउज अंगात कोण घालणार? मंडपातल्या कुणाच्या हे डोक्यात आलं नाही, आणि नंतर विचारायलाही कुणी फिरकलं नाही. याचा राग माझ्या मनात अजून आहे. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये येतात. त्यांचा आधार मोठा आहे, पण तेवढ्यात घर चालत नाही.

देणारे पुष्कळ भेटले, आप्पा. मी कष्टानं जे पिकवीन ते बाजारभावानं विकत घेणारा कुणी भेटत नव्हता.

आईनं माहेरची कालवड दिली. ती व्याली आणि मी कॅन घेऊन तुमच्या दूध संकलन केंद्रावर आले. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच रांगेतले दोघं बोलले, "हिचं दूध वेगळं ठेवा, नाहीतर आम्ही दुसऱ्या डेअरीला घालतो." माझे पाय लटपटत होते. तुम्ही मान वर केली नाही. नमुना घेतला, मशीनला लावला आणि इतरांचं वाचता तसंच मोठ्यानं वाचलंत, "फॅट ३.८, एसएनएफ ८.५." म्हणजे दुधात स्निग्धांश किती आणि बाकीचे घन घटक किती ते. कॅन स्वतः उचलून सगळ्यांच्या दुधात ओतलात. मग त्यांना म्हणालात, "दूध गाईचं हाय. त्यातनं कुणाला काय होत नाही, डॉक्टरला इचारून आलोय. तुम्हाला दुसरीकडं घालायचं तर हिशेब करून देतो."

तुम्ही आधीच डॉक्टरांना विचारून आला होता! म्हणजे असं कुणीतरी बोलणार हे तुम्ही धरून चालला होता, आणि मला त्यातलं काही जाणवू दिलं नव्हतंत.

आणि मग चिठ्ठी. मशीनमधून निघालेली ती एवढीशी चिठ्ठी तुम्ही टेबलावर न ठेवता माझ्या तळहातावर दिलीत. तुमची बोटं माझ्या हाताला लागली. तुम्ही हात झटकला नाही, पुसला नाही, लगेच पुढच्याला म्हणालात, "आण." दुकानदार माझे सुट्टे पैसे फळीवर टाकायचा. सख्ख्या जावेनं ताट उंबऱ्यावरून सरकवलं होतं. कितीतरी काळानं मला कुणीतरी हातात हात लागेल असं काही दिलं होतं. घरी जाऊन मी पोरीला चिठ्ठी दाखवली आणि खूप रडले.

त्या दोघांतला एक खरंच दुसऱ्या डेअरीला गेला. तुमचं रोजचं दूध तेवढं कमी झालं, तरी तुम्ही त्याचा शब्द काढला नाही. खातं माझ्या नावावर उघडलंत, दिवंगत नवऱ्याच्या नाही की दिराच्याही नाही. पुढं तुमच्याच दाखल्यावर बँकेनं दुसऱ्या गाईला कर्ज दिलं. आता दहा दिवसांच्या बिलातून पेंड आणि हप्ता वजा जाऊन पोरीची फी भरली जाते. तुमच्यासारखी सरळ माणसं गावोगावी असतील, त्यांचा ना फोटो छापून येतो ना सत्कार होतो, पण त्यांच्याच जिवावर आमच्यासारख्यांना गाव सोडावं लागत नाही.

एक मागणं आहे. एआरटी सेंटरवर मला शेजारच्या वाडीची एक बाई भेटते. तिच्याकडं एक म्हैस आहे, आणि तिच्या गावात तिचं दूध कुणी घेत नाही. सोमवारी सकाळी तिला घेऊन येते. तिचंही खातं तिच्याच नावावर काढा.

तुमची,
सकाळच्या पाळीची दूधवाली