पांदण रस्ता हवाच, पण भुंगेऱ्यांचा धुरा मोडू नका

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
रोजगार हमी योजना, महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातील कापूस आणि तूर पिकवणारा शेतकरी आहे. पावसाळ्यात आमच्या पांदणीत बैलगाडी आसापर्यंत रुतते, त्यामुळे २०२१ साली सुरू झालेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेतून आम्हालाही रस्ता मिळावा, या अर्जावर माझीही सही आहे. हे पत्र रस्त्याविरुद्ध नाही. तो ज्या पद्धतीने बांधला जातो, त्याविषयी आहे.

शेजारच्या शिवारात पांदण झाली तेव्हा जेसीबीने दोन्ही बाजूंचे धुरे, म्हणजे शेतांचे बांध, खरडून काढले, मधे वीतभर उंच काँक्रीट टाकले आणि कडेला उभ्या भिंतींची नाली खोदली. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी त्या कडेशी मला काळ्या पाठीवर पांढरे ठिपके असलेला मोठा भुंगेरा दिसला. लहानपणी याला हात लावून बोटे चुरचुरल्याचे आमच्यापैकी अनेकांना आठवत असेल, कारण तो आम्लयुक्त द्रव फवारतो. त्याला उडता येत नाही. काँक्रीटला धडकला की तो वळे आणि कडेकडेने चालत राही. असे बराच वेळ चालल्यावर तो नालीत पडला आणि तिच्या उभ्या भिंतीवरून त्याला वर येता येईना.

जमिनीवर राहणाऱ्या अशा शिकारी भुंगेऱ्यांच्या अनेक जाती जन्मभर पायीच फिरतात. जर्मनीतील संशोधक मादर यांनी भुंगेऱ्यांवर खुणा करून त्यांच्या हालचालींचा माग काढला आणि १९८४ मध्ये दाखवून दिले की जंगलातला अरुंद, फारशी वर्दळ नसलेला रस्तासुद्धा ते क्वचितच ओलांडतात. चाकाखाली चिरडले जाणे हे त्याचे एकमेव कारण नाही; उघडा, तापलेला, आडोसा नसलेला पट्टा दिसला की हे कीटक मुळातच मागे फिरतात. मग रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या वस्त्या उरतात, आणि फवारणीने किंवा नांगरटीने एका बाजूची वस्ती संपली तर दुसऱ्या बाजूने ती भरून येत नाही. दाट गवतातही काही जातींची चाल मंदावते, हे खरे. पण गवत निवारा देते, काँक्रीट देत नाही.

शेतकऱ्याला याचे काय, असा प्रश्न आपल्या विभागात विचारला जाईल. हरभऱ्यावरची घाटेअळी आणि सोयाबीनची पाने खाणारी स्पोडोप्टेरा अळी कोषात जाण्यासाठी जमिनीत उतरतात, आणि तिथे त्यांना खाणाऱ्यांत हे भुंगेरेही असतात. काही जाती तणांचे बीही खातात. इंग्लंडमध्ये शेतांतले बांध नाहीसे झाल्यावर १९८०च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी मोठ्या शेतांच्या मधोमध सुमारे ४० सेंटिमीटर उंचीचे मातीचे बांध घालून त्यांवर झुबकेदार गवत लावले, ते याच कीटकांना हिवाळ्यात आसरा मिळावा म्हणून. आपल्याकडे तो बांध धुऱ्याच्या रूपाने आयता आहे, आणि आपण मात्र तो मोडण्याची मजुरी देतो आहोत.

पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ खालून वाघांना जाता यावे म्हणून मार्ग ठेवले गेले. भुंगेऱ्यासाठी इतका खर्च कोणी मागत नाही. अंदाजपत्रकात एवढेच लिहावे की काँक्रीटच्या दोन्ही कडांना मुरूम-मातीची साइडपट्टी रस्त्याच्या पातळीपर्यंत उताराने भरावी, नालीच्या भिंती तिरप्या ठेवाव्यात, मोऱ्यांच्या तळाशी माती राहू द्यावी आणि किमान एका बाजूचा धुरा गवतासह जसाच्या तसा सोडावा. त्या धुऱ्यावर तणनाशक मारायचे नाही, हेही स्पष्ट लिहावे, कारण काम आटोपल्यावर ‘सफाई’च्या नावाखाली नेमके तेच होते. मोठ्या झाडाचा मोबदला देणाऱ्या कागदात गवताला रकाना नसतो, हा आमचा अनुभव आहे.

आमच्या पांदणीची मोजणी होऊन खुंट्या ठोकल्या आहेत आणि उलंगवाडीनंतर, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी आटोपल्यावर, जेसीबी येणार आहे. त्याआधी आपल्या विभागाचे पत्र तालुक्याच्या अभियंत्यांपर्यंत पोहोचावे, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा