पाण्यावर गाडी चालत नाही, बातमी मात्र चालते

मा. संपादक, स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर एका पोराची बातमी होती, पाण्यावर चालणारी बाइक बनवली म्हणून. फोटोत तो बाटलीने टाकीत पाणी ओततोय आणि शेजारी सरपंच हार घेऊन उभे. पोराचं कौतुकच आहे, वेल्डिंग काय वायरिंग काय सगळं स्वतः केलंय, हातात कला आहे. पण खाली जे छापलंय की पाण्याच्या रेणूतले बंध (अणूंना एकमेकांशी धरून ठेवणारे) तोडले की त्यात अडकलेली ऊर्जा बाहेर पडते आणि तिच्यावर इंजिन चालतं, ते साफ उलटं आहे. मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतो, दरवर्षी निम्मा वर्ग हीच चूक करतो, आणि आता ती पेपरात छापून आलीय म्हटल्यावर मी कुठल्या तोंडाने मार्क कापू सांगा.

बंध तोडायला ऊर्जा लागते, कुठलाही बंध असो, कायम लागतेच. बाहेर पडते ती नवीन बंध जुळताना. हायड्रोजन जळतो तेव्हाचाच हिशोब बघा ना, 2 मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप) हायड्रोजन आणि 1 मोल ऑक्सिजन घेतला तर हायड्रोजनचे बंध तोडायला 436 दुणे 872 किलोज्यूल आणि ऑक्सिजनचे तोडायला 498, म्हणजे आधी 1370 खर्च. मग पाण्याचे चार ओ-एच (ऑक्सिजन-हायड्रोजन) बंध तयार होतात, एकेकाचे साधारण 463 धरले तर 1852 मिळतात. वजाबाकी करा, 482 किलोज्यूल हातात उरले, तीच ती उष्णता. आता पाणी घेऊन उलटं जायचं म्हटलं तर हेच 482 आपल्या खिशातून भरावे लागणार (आणि पाणी वाफ नसून द्रवरूपात असेल, जे असतंच, तर त्याहून जास्त, 572 च्या आसपास). मग तो हायड्रोजन परत जाळला की जेवढे भरले तेवढेच, फार तर फार, परत मिळणार. पाणी म्हणजे हायड्रोजनची राख आहे हो, चुलीतली राख पुन्हा पेटवून भाकरी होत नाही.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात तर अजून तोटा आहे. एक लिटर पाण्यातून सगळा हायड्रोजन काढला तर तो भरतो 111 ग्रॅम, आणि चांगल्यातल्या चांगल्या इलेक्ट्रोलायझरला (विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्राला) त्यासाठी सहाएक युनिट वीज लागते. तो हायड्रोजन बाइकच्या इंजिनात जाळला तर इंजिन त्यातली पाव हिस्सा ऊर्जा कामाला लावणार, बाकी सायलेन्सरमधून आणि इंजिन तापून हवेत, म्हणजे चाकाला एखादं युनिट पोचलं तर नशीब. त्याच सहा युनिटवर साधी इलेक्ट्रिक स्कूटर दीडशे किलोमीटर तरी जाते. मग ही पाण्याची भानगड करायचीच कशाला?

असल्या गाड्या चालतात ते खोटं नसतं, चालतात, पण दुसऱ्याच कशावर तरी. एक तर सीटखाली बॅटरी असते आणि ती रात्री घरच्या प्लगला लावलेली असते. नाहीतर कार्बाइड असतं. काही वर्षांपूर्वी मध्य प्रदेशातल्या सागरच्या एका मेकॅनिकची गाडी अशीच पाण्यावर चालते म्हणून गाजली होती, त्यात पाणी आणि कॅल्शियम कार्बाइड होतं. कार्बाइडवर पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन निघतो, गॅस वेल्डिंगवाल्यांना सांगायला नको, आणि गाडी त्या गॅसवर पळते. म्हणजे इंधन कार्बाइड झालं, पाणी नुसतं निमित्त. आणि ते कार्बाइड काय झाडाला लागत नाही, चुना आणि कोक विजेच्या भट्टीत 2000 डिग्रीच्या वर तापवून करतात, म्हणजे तिथे कोणीतरी आधीच विजेचं बिल भरलेलं असतं.

आणि ह्यात नुसता गैरसमज नाही, धोका पण आहे. कार्बाइड-पाण्याच्या क्रियेतच भरपूर उष्णता निघते, भांडं तापतं, आणि अ‍ॅसिटिलीन दाबाखाली हवेशिवाय सुद्धा फुटू शकतो, म्हणून तर सिलिंडरमध्ये तो नुसता न भरता असिटोनमध्ये विरघळवून भरतात. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइड गनने (पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून बार उडवायची बंदूक) कितीतरी पोरांच्या डोळ्यांना इजा झाली, ती हीच क्रिया. तुमची बातमी वाचून कुणी दहावीतला घराच्या मागे प्लास्टिकच्या ड्रममध्ये प्रयोग करायला बसला तर काय, हा विचार डेस्कवर कुणाच्या तरी मनात यायला हवा होता.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत स्टॅनली मायर नावाचा माणूस पाण्यावर बग्गी (छोटी मोटारगाडी) चालवतो म्हणायचा, 1996 साली ओहायोच्या कोर्टाने ती फसवणूक ठरवून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले. त्याच वर्षी तमिळनाडूत रामर पिल्लईचं पानांपासून केलेलं हर्बल पेट्रोल गाजत होतं, पुढे सीबीआयची केस झाली. 2012 मध्ये पाकिस्तानात आगा वकार टीव्हीवर पाण्यावर गाडी चालवायची किट दाखवत होता आणि मंत्री सुद्धा माना डोलवत होते, तिथले भौतिकशास्त्रज्ञ परवेझ हुडभॉय विरोधात बोलत होते पण ऐकतंय कोण.

घोळ व्हायला एक कारण मला दिसतं. नितीन गडकरी मार्च 2022 मध्ये हायड्रोजनवरच्या टोयोटा मिराईतून संसदेत गेले, त्याच ऑगस्टमध्ये पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांची हायड्रोजन फ्युएल सेल (हायड्रोजनपासून थेट वीज करणारं यंत्र) बस दाखवली गेली, आणि प्रत्येक बातमीत लिहिलेलं असतं की धुराऐवजी पाणी बाहेर पडतं. ते बरोबरच आहे. पण पाणी बाहेर पडतं आणि पाण्यावर चालते ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हायड्रोजन आधी ऊर्जा घालून कुठेतरी बनवावाच लागतो, हिरवा हायड्रोजन म्हणजे ती ऊर्जा सौर किंवा पवन विजेची, बाकी हिशोब तोच.

वार्ताहरांनी असा शोध दिसला की दोन प्रश्न तेवढे विचारावेत, पाण्याशिवाय गाडीत दुसरं काय संपतं किंवा परत भरावं लागतं, आणि बॅटरी काढून ठेवून दुसऱ्या दिवशी पण चालवून दाखवाल का. कुणाचा अपमान होत नाही ह्याने.

आणि एक राहिलंच, त्याच पानावर खाली मायलेज वाढवणाऱ्या एचएचओ किटची (पाणी फोडून निघालेला हायड्रोजन-ऑक्सिजनचा गॅस इंजिनात सोडणाऱ्या) जाहिरात होती. ती किट गाडीच्याच अल्टरनेटरची वीज घेऊन पाणी फोडते, अल्टरनेटर इंजिनावर फिरतो, इंजिन पेट्रोलवर, म्हणजे गॅस बनवायलाच आधी जास्तीचं पेट्रोल जळणार. जाहिरात घ्या, पेपर चालायला पाहिजे मान्य आहे, पण पुण्यात एआरएआय आहे, गाड्यांच्या टेस्ट तिथे होतात, तिथला रिपोर्ट दाखव म्हणून किटवाल्याला सांगा आणि काय उत्तर देतो ते पण छापा.

आपला,
एक केमिस्ट्री शिक्षक, सांगली