डिजिटल मुद्राचित्रांना मुद्राचित्रांच्याच रांगेत बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकावर घडवलेले आणि प्रिंटरमधून काढलेले चित्र कलाप्रदर्शनात लावूच नये, अशा आशयाचे एका ज्येष्ठ चित्रकारांचे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचले. मशीनचे बटण कुणीही दाबतो, त्यात कलावंताचा हात कुठे, असा त्यांचा सवाल आहे. जिल्ह्यातल्या एका प्रदर्शनात अशी दोन-तीन चित्रे परत पाठवली गेल्याचेही कानावर आले. म्हणून हा पत्रप्रपंच.

त्यांचा राग मला कळतो. आपल्या मराठवाड्यात डिजिटल छपाई आली ती फ्लेक्सच्या रूपाने. चौकाचौकात वाढदिवसाच्या शुभेच्छा, वर साहेब, मध्ये दादा, खाली टिकलीएवढ्या चेहऱ्यांची मित्रमंडळी. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार आणि ट्रॉलीमागची अक्षरे रंगवून ज्या पेंटर लोकांनी संसार केले, त्यांचे ब्रश या मशीनने कायमचे वाळत घातले. त्यातले काही माझ्याच वर्गात चित्रकलेची ‘इंटरमिजिएट’ परीक्षा देऊन गेलेले होते. तेव्हा डिजिटल प्रिंट म्हटले की जुन्या माणसाच्या कपाळाला आठी पडणारच. पण फ्लेक्सचा राग मुद्राचित्रावर, म्हणजे कलावंताने प्लेट, दगड वा फाइल घडवून काढलेल्या छापावर, काढणे म्हणजे साप समजून भुई धोपटणे झाले.

छपाईचे कुठले तंत्र आधी बाजारात आणि मागाहून कलादालनात आले नाही? दगडावरून छापायच्या शिळाछापाचा शोध जर्मनीत अठराव्या शतकाच्या अखेरीस लागला तो नाटकांच्या संहिता स्वस्तात छापायच्या गरजेतून. आपल्याकडे १८७८ साली पुण्यात चित्रशाळा प्रेस निघाला आणि १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वती मराठवाड्यातल्या कितीतरी देवघरांत अजून आहेत, कुंकवाच्या बोटांनी लाल झालेल्या. बाजारू चित्रे म्हणून जाणकारांनी त्यांना नाके मुरडली. आज तेच कागद संग्राहक काचेत जपून ठेवतात. स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे आपल्या लेखी लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या. १९६२ पासून अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने तेच तंत्र कॅनव्हासवर नेले आणि जगाने ते मान्य केले.

संगणकही या रांगेत काल आलेला नाही. १९६५ साली जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये गेओर्ग नेस यांनी संगणकाच्या सूचनांवरून प्लॉटरने, म्हणजे कागदावर पेन फिरवणाऱ्या यंत्राने, काढलेल्या रेखाचित्रांचे प्रदर्शन भरवले होते. इंकजेटने, म्हणजे शाईचे बारीक थेंब उडवून, कलाचित्रे छापायचा खरा उद्योग १९९० च्या आसपास कॅलिफोर्नियात सुरू झाला, तोही ग्रॅहम नॅश या गायकाच्या हौसेतून. छापखान्यांत रंगाचे प्रूफ, म्हणजे तपासणीचा छाप, काढण्यासाठी बनवलेले ‘आयरिस’ मशीन त्याने व त्याच्या सहकाऱ्याने चित्रांसाठी वापरायला घेतले. त्यांचे ते मशीन आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनीने २०११ च्या वसंतात यॉर्कशरचा एक रस्ता आयपॅडवर पुन:पुन्हा रेखाटला, त्याचे मोठमोठे छाप काढले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल अकादमीत लावले. तिथे कुणी बटणाचा हिशेब मागितला नाही.

आता हाताचा प्रश्न. माझा एक जुना विद्यार्थी दिवसा फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो आणि रात्री स्वत:ची मुद्राचित्रे करतो. विषय काळी माती. वाळली पऱ्हाटी, सोयाबीनच्या फुटलेल्या शेंगा, चिखलाने माखलेली गोणी, पिवळी पडलेली सातबाऱ्याची झेरॉक्स, हे सगळे तो स्कॅनरच्या काचेवर ठेवतो. मग एकावर एक थर देतो, पुसतो, पेनने रेषा ओढतो. इथपर्यंतचे काम कुणालाही कळेल. खरी झटापट पुढे असते. पडद्यावर पाहिलेला काळा रंग कॉटनच्या मॅट कागदावर उतरताच राखेसारखा पडतो. अशा कागदाला वेगळी मॅट काळी शाई लागते आणि ती घालूनही रंग हाती येत नाही. मग तो चार बोटे रुंदीच्या पट्ट्या छापतो. एका पट्टीत काळ्याला हिरवट झाक, दुसरीत जांभळट, तिसरीत बारीक मुळ्यांच्या रेषा शाईतच बुडालेल्या. त्याला हवा असतो मृगाचा पहिला पाऊस पडल्यावरचा काळा, ज्यात जरासा तपकिरी ओलावा असतो. पट्ट्या तो ट्यूबलाइटखाली बघतच नाही. सकाळी उंबऱ्यात उन्हाची तिरीप येते तिथे मांडून बघतो, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फसवतो. आम्लाने प्लेट कोरून एचिंग करणारा झिंकची प्लेट आम्लातून काढून पुन्हा बुडवतो, प्रूफ काढून पुन्हा बघतो, ते आणि हे वेगळे कसे, हे मला तरी कुणी समजावून द्यावे.

याला आपल्या भागापुरता आणखी एक पदर आहे. ए.टी.डी. किंवा जी.डी. आर्ट ही कलेची पदविका करून हिंगोलीला, धाराशिवला, किनवटला घरी परतलेल्या पोराकडे एचिंग प्रेस कुठून येणार? आम्ल, धूर बाहेर काढणारा पंखा, जड रुळांचे यंत्र, हे कॉलेजच्या दारातच सुटते. लिनोलियमच्या पट्टीवर कोरलेला लिनोकट तेवढा घरी होतो, प्रेस नसेल तर चमच्याच्या पाठीने घासूनही निघतो. बाकीचे मुद्राचित्रण पदवीच्या फायलीत बंद. ललित कला अकादमीने २०१८ साली केवळ मुद्राचित्रांसाठी दिल्लीत पहिले द्वैवार्षिक प्रदर्शन भरवले, ते छानच झाले. पण तिथवर पोचायला छाप काढायची सोय तर हवी. आज संभाजीनगर वा नांदेडच्या एखाद्या चांगल्या फोटो लॅबमध्ये पिगमेंट शाईचा, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचा, प्रिंटर मिळू शकतो. आमच्या मुलांचा प्रेस तोच.

मात्र पत्रलेखकांची एक शंका मी डोळे झाकून फेटाळणार नाही. या माध्यमाच्या नावावर लबाडीही चालते. मूळ तैलरंगातले चित्र स्कॅन करायचे, कॅनव्हासवर छापायचे, वर थोडे जेल फासून ब्रशचे फटकारे दाखवायचे, इंकजेटच्या छापाला ‘जिक्ले’ असे भारदस्त नाव द्यायचे, कोपऱ्यात १/५०, म्हणजे पन्नासातली पहिली प्रत, असे लिहायचे आणि मूळ मुद्राचित्राच्या भावात विकायचे. अजिंठ्याच्या पद्मपाणीचा कॅनव्हासवर छापलेला फोटो ही आठवण म्हणून घरी न्यायची वस्तू आहे, त्यात गैर काही नाही. पण ती प्रतिकृती आहे. ज्याचे मूळ दुसरीकडे भिंतीवर आहे ती प्रतिकृती, आणि जे कागदावर छाप म्हणूनच पहिल्यांदा जन्माला येते ते मुद्राचित्र. हा फरक नवा नाही. १९६० साली व्हिएन्नात भरलेल्या कलावंतांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मूळ मुद्राचित्राचे निकष सांगितले होते: लाकूड, प्लेट किंवा दगड यांवरचे काम कलावंताने स्वत: केलेले असावे, प्रतींची संख्या त्यानेच ठरवावी, प्रत्येक प्रतीवर सही आणि क्रमांक असावा, आवृत्ती संपल्यावर प्लेटवर खूण करून ती बाद करावी. प्लेटच्या जागी फाइल धरली की बहुतेक सगळे तसेच्या तसे लागू होते. अडचण एकच, फाइलवर ओरखडा काढता येत नाही. तिथे कलावंताच्या शब्दावर आणि लेखी नोंदीवर भिस्त ठेवावी लागते. २५ प्रती म्हणून विकून, त्याच चित्राच्या आकार बदलून आणखी २५ काढणाऱ्याला प्रदर्शनातून खुशाल बाहेर काढा, मी टाळ्या वाजवीन.

दुसरी शंका टिकाऊपणाची. सुरुवातीच्या आयरिस मशीनचे छाप काही वर्षांतच विटले, कारण त्यांची शाई पाण्यात विरघळणाऱ्या डायची होती. २००० च्या सुमारास मोठ्या प्रिंटरांसाठी पिगमेंट शाई आली आणि परिस्थिती बदलली. आम्लमुक्त कॉटन कागदावर, काचेआड ठेवलेला असा छाप शंभर वर्षांच्या पुढे टिकावा, असे प्रयोगशाळांतल्या चाचण्यांचे अनुमान आहे. अर्थात त्या प्रयोगशाळा पत्र्याखाली नाहीत. आमच्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत मशीन चार दिवस बंद राहिले की शाई सोडणारे हेड सुकते, त्याची छिद्रे तपासायच्या छापात (नोझल चेक) रेघा तुटलेल्या दिसतात आणि ती साफ करण्यात महागडी शाई वाहून जाते. पावसाळ्यात कागद दमट होऊन कडा उचलतो. आणि वीज गेली की अर्ध्यात थांबलेला छाप सरळ रद्दीत. बटण दाबले आणि झाले, असे म्हणणाऱ्यांनी एकदा अशा मशीनशेजारी उभे राहावे.

आयोजकांना माझी विनंती साधी आहे. राज्य कला प्रदर्शनात मुद्राचित्रण हा स्वतंत्र विभाग असतो, तसा तो जिल्ह्याच्या प्रदर्शनातही ठेवा आणि डिजिटल छाप त्यातच घ्या. फोटोग्राफीत ढकलू नका, ‘इतर’मध्ये तर नकोच. प्रवेश अर्जावर कागद, शाई, प्रतींची एकूण संख्या आणि छपाई कुणाच्या देखरेखीखाली झाली, हे विचारा. प्रतिकृती नसल्याचे प्रतिज्ञापत्र घ्या. परीक्षकांत निदान एक जण स्वत: मुद्राचित्रे करणारा असू द्या, म्हणजे भिंग लावून छाप वाचता येईल. आणि यंदा हॉलच्या पश्चिमेच्या खिडक्यांसमोर चित्रे टांगली होती, तेवढे पुढच्या खेपेला टाळा. तिथे जलरंगही टिकणार नाहीत.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
परभणी