अण्णांची पेन्सिल

पुणे, रविवार रात्र

प्रिय विन्या,

गणपतीत फोन करतो म्हणालो होतो, आता संक्रांत आली. आधी शिव्या घाल, मग पुढे वाच. तब्येत ठीक, शुगर गोळीवर आहे, हिचा गुडघा तसाच.

अण्णांचा नाण्यांचा संग्रह विकायचा ठरलाय. काकूंनी कपाट उघडून दिलं, म्हणाल्या, "तूच बघ, मला त्यातलं काही कळत नाही." चारशे बारा पाकिटं! प्रत्येकावर पेन्सिलीनं साल, टांकसाळ, वजन, ग्रेड.

परवा एक व्यापारी येऊन गेला. पठ्ठ्यानं खिशातून भिंगसुद्धा काढलं नाही. नुसती पाकिटं वाचत गेला. व्हीएफ, म्हणजे 'व्हेरी फाइन', लिहिलंय? व्हीएफचा भाव. अण्णांचा व्हीएफ म्हणजे बाजारातला ईएफ, एक पायरी वरचा 'एक्स्ट्रीमली फाइन', हे त्याला आपल्याइतकंच ठाऊक. इथून नेणार, पाकीट बदलणार, एक पायरी चढवून विकणार. म्हणजे चाळीस वर्षं माणूस कडक राहिला आणि त्याचा दंड काकूंनी भरायचा.

आठवतं ना अण्णांचं, "शंका आली की खालची पायरी"? जुन्या बाजारातून मी १८६२ चा राणीछाप रुपया आणला होता, नाचत. अण्णांनी तो दिव्याखाली तिरका धरून हळूहळू फिरवला, चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते का ते बघितलं, मग राणीच्या झग्यावर भिंग नेलं. "नक्षी दबलीय. व्हीएफ." आणि तू फिदीफिदी हसलास, हरामखोरा. आज कोणीही डोळे झाकून ईएफ म्हणेल त्याला.

मग काय, बसलो खोडरबर घेऊन. तीन रात्रींत चाळीसेक पाकिटं एक पायरी वर चढवली. खोटं नाही रे, सगळे आज ज्या पट्टीनं मोजतात तीच लावली. तू म्हणायचास ग्रेड म्हणजे नाण्याची झीज, भावाचा संबंध नाही. पण अमेरिकेतली ती एक ते सत्तरची ग्रेडची पट्टी आली कुठून? शेल्डन नावाच्या अभ्यासकानं १९४९ मध्ये त्यांच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी काढली, आणि हिशोब असा की सत्तरचं नाणं एकच्या सत्तरपट किमतीचं. म्हणजे आकडा जन्माला आला तोच भाव म्हणून. पुढे १९८६-८७ पासून तिकडच्या ग्रेड देणाऱ्या कंपन्यांनी नाण्यासोबत तोच आकडा प्लॅस्टिकच्या डबीत सील करून दिला. मनासारखा आकडा आला नाही की लोक डबी फोडून नाणं पुन्हा पाठवतात. आपण निदान भांडायचो तरी.

तरी एकेचाळिसावं पाकीट हातात घेतलं आणि रबर चालेना. अक्षर त्यांचं ना.

आता मुद्द्यावर येतो. काल तुझा डुक्करछाप रुपया सापडला. १९११ चा, राजाच्या झग्यावरच्या हत्तीचं डुक्कर झालेला, ज्यापायी सरकारला पुढच्या साली सोंड नीट करून नवा रुपया काढावा लागला. पाकिटावर "ईएफ". मागे "विनूकडून, जून ९१, रु. ३५०".

विन्या, तो ईएफ नाही. तेव्हा मी व्हीएफ म्हणालो म्हणून दोन महिने माझ्याशी बोलला नाहीस. अण्णांनीही तुझीच बाजू घेतली, तेव्हा मला वाटलं म्हाताऱ्याला दिसेनासं झालंय. काल दिव्याखाली धरला. कानाची कड गेलीय, मुकुट गुळगुळीत, आणि सगळ्या पृष्ठावर गोल गोल बारीक चरे. तुझ्या आजीनं दिवाळीला रांगोळीनं घासला होता ना? हे चरे अण्णांना दिसले नसतील? त्याच महिन्यात घेतलेला दुसरा एक १९११ चा आहे, त्यावर फक्त "घासलेले" लिहिलंय. ग्रेडच दिली नाही. आणि तुझी फी भरायची तारीख जूनमध्येच होती.

यादीत काय लिहू? बाजाराच्या सैल पट्टीनंसुद्धा तो ईएफ होत नाही. खरं लिहायचं तर खोडावा लागेल. बाकी चाळीस मी चढवली, हे एकच उतरवायचं?

काकूंना दाखवला. त्यांनी भिंगाशिवायच बघितला, म्हणाल्या, "हा विनूचा. साडेतीनशेला घेऊन जा म्हणावं त्याला, आमचे तेवढेच गेलेत." आता बोल!

तुझ्या नव्या नोकरीचं कळलं, अभिनंदन. सईची बारावी यंदाच ना? आईंना नमस्कार सांग. घराचं काम संपलं का, की अजून गवंडीच राहतोय घरात?

व्यापारी गुरुवारी परत येणार आहे. पाकीट मी वेगळं काढून ठेवलंय, पेन्सिलीला हात लावलेला नाही. बुधवारपर्यंत फोन कर.

तुझा,
मध्या