फायबर जोडणीतील शेवटच्या 139 मीटर तारेबाबत तक्रार

सहकारनगर, पुणे
दिनांक : 14 जुलै 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : 300 एमबीपीएसच्या फायबर जोडणीऐवजी तारेची जोडणी दिल्याबाबत व फरकाची रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी 3 मार्च रोजी आपली 'घरापर्यंत फायबर' ही 300 एमबीपीएसची योजना घेतली आणि सहा महिन्यांचे 5,994 रुपये, अधिक 18 टक्के जीएसटी, आगाऊ भरले. त्यानंतर आजवर एकदाही 95 एमबीपीएसच्या वर वेग मिळालेला नाही, आणि पाऊस सुरू झाल्यापासून तर तो वरचेवर 9 वर येतो.

मी तीन वेळा तक्रार नोंदवली आणि तिन्ही वेळा 'वायफायचा प्रॉब्लेम आहे' असे सांगून ती बंद करण्यात आली. भिंतींमुळे आणि शेजाऱ्यांच्या राउटरमुळे वायफायचा वेग घटतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच मी राउटर बाजूला ठेवून आपल्या माणसाने घरात आणून दिलेली तार थेट संगणकाला जोडली. संगणकाने त्या जोडणीचा वेग 100 दाखवला, आणि दुसऱ्या दिवशी भर पावसात 10. म्हणजे 300 एमबीपीएस माझ्या दारापर्यंतच येत नाहीत, मग घरातल्या वायफायला दोष कसा देता येईल?

टेलिफोनच्या केबलचे जोड भरण्यात माझी 31 वर्षे गेली आहेत, त्यामुळे मी स्वतः गच्चीवर जाऊन पाहिले. आपले फायबर शेजारच्या इमारतीवरील पेटीत संपते. तेथून माझ्या घरापर्यंत दोन तुकडे जोडून साधी लॅनची (संगणक एकमेकांना जोडण्याची, धातूच्या तारांची) केबल ओढलेली आहे. केबलच्या आवरणावर मीटरचे आकडे छापलेले असतात. पहिला तुकडा 041 ते 128 आणि दुसरा 305 ते 357, म्हणजे एकूण 139 मीटर. जोड पाण्याच्या टाकीलगत असून त्यावर दुधाची रिकामी पिशवी गुंडाळून चिकटपट्टी मारली आहे. पिशवी सोडली तेव्हा आत पाणी होते, आणि केबलमधील तारांच्या चार जोड्यांपैकी दोनच पिळून जोडलेल्या होत्या. तांब्याला हिरवट कळंक चढतो. येथे मात्र पांढरी भुकटी दिसली. चाकूने तार खरवडली तेव्हा तांब्याच्या मुलाम्याखाली ॲल्युमिनियम निघाले, ज्याचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो.

आमच्या काळी तांब्याच्या एका जोडीवरून बोलणे कित्येक किलोमीटर जात असे, कारण बोलण्याला 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पुरतो. इंटरनेटच्या संकेताला कोट्यवधी हर्ट्झचा पट्टा लागतो, आणि वारंवारता व लांबी वाढेल तसा तारेत संकेत क्षीण होत जातो. म्हणूनच अशा केबलची मर्यादा 100 मीटर ठरवलेली आहे. शिवाय तिच्यावरून गिगाबिटचा, म्हणजे 100 च्या पुढच्या 1,000 एमबीपीएसच्या पायरीचा, वेग मिळायला चारही जोड्या शाबूत असाव्या लागतात. दोनच असतील तर 100 एमबीपीएसच्या पुढे जाता येत नाही. थोडक्यात, आपल्या पेटीत कितीही वेग असला तरी या तारेतून 300 एमबीपीएस येणे शक्यच नाही. याउलट काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, त्यावर विजेच्या तारांचा परिणाम होत नाही आणि किलोमीटरमागे होणारी घट अर्ध्या डेसिबलहूनही कमी असते. फायबरची क्षमता अनेक घरांत वाटली जाते, हे मी जाणतो, आणि रात्री नऊ वाजता वेग थोडा उतरला म्हणून मी पत्र लिहिले नसते.

तरी पेटीपासून माझ्या घरापर्यंत हे पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांत सलग फायबर टाकून द्यावे, तसेच आपल्याच 100 एमबीपीएसच्या योजनेच्या दराशी तुलना करून 3 मार्चपासूनची फरकाची रक्कम परत करावी. तसे न झाल्यास ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) 2012 च्या तक्रार निवारण विनियमांनुसार मी आपल्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागेन, आणि 'घरापर्यंत फायबर' ही जाहिरात दिशाभूल करणारी असल्याबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाईन.

आवरणावरील आकड्यांची व जोडाची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. जोड मी होता तसाच बांधून ठेवला आहे. दुरुस्तीला माणूस पाठवाल तेव्हा तो माझ्यासमोर उघडावा.

आपला,
एक ग्राहक