काकू, त्या दिवशी तुम्ही आईला विचारलंत

काकू, तुम्ही फेसबुकवर नाही ते माहितीय, सून वाचून दाखवेल म्हणून इथं लिहितेय. समोर आलं की मला रडू येतं आणि तुम्ही "असूदे गं" म्हणून विषयच संपवता.

बाबांना पंचगंगेला न्यायच्या आधी दारात काय गोंधळ चाललेला आठवतंय ना. आत्यानं आईचं मनगट धरलेलं, बांगड्या फोडायला. आणि मी दुसऱ्या बाजूनं ओरडत होते, काही फोडायचं नाही, कुंकू पुसायचं नाही, आपल्याच जिल्ह्यात हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला ठराव करून हे बंद केलंय, १७ मे ला सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना पण सांगितलंय, मोबाईलवर बातमी काढून दाखवत होते. (आम्ही शिवाजी पेठेत, आमची कुठली ग्रामपंचायत, पण सुचेल ते बोलत होते.) आत्या म्हणते रीत, मी म्हणते ठराव, आणि आईचा एक हात तिच्याकडं, एक माझ्याकडं.

तुम्ही आलात, दोघींचे हात सोडवलेत, आईसमोर फरशीवर बसलात आणि एवढंच म्हणालात, "वैनी, तुमास्नी काय पायजे?"

खरं सांगते, तेव्हा तुमचा राग आलेला. मी आईच्याच बाजूनं भांडत होते की! पण तिला विचारलं मी पण नव्हतं, आत्यानं नाही तसंच.

आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "बांगड्या ऱ्हाऊंदेत. मंगळसूत्र माझ्या भिशीच्या पैशातनं केलंय, ते काढणार न्हाई. जोडवी तेवढी काढतो, माझी मी." पाय सुजलेले, जोडवी निघेनात, तुम्ही खोबरेलची बाटली पुढं केलीत पण हात लावला नाहीत. बाहेर माणसं खोळंबलेली, कोणतरी "आवरा की ओ" म्हणालं, तर तुम्ही उठून दार लोटून घेतलंत.

जोडवी काढली ते मला अजून पटलेलं नाही. पण पाय तिचे आहेत.

आणि गौरीच्या हळदीकुंकवाला तुम्ही तिला दारात येऊन बोलावलंत, ती नको म्हणाली तर "बरं" म्हणून परत गेलात, ओढून नेलं नाहीत, त्याचे पण आभार. पिठलं-भाकरीचा तुमचा डबा अजून आमच्याकडंच आहे, रविवारी आणून देते.