डेना जोया : परिचयात हरवलेली कविता

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या साहित्य पुरवणीत अमेरिकन कवी डेना जोया यांचा परिचय करून देणारा लेख वाचला. एका समकालीन कॅथलिक कवीसाठी मराठी दैनिकाने इतकी जागा काढावी, हे स्वागतार्हच आहे आणि लेखातल्या माहितीत खोट काढावी असे मला काही आढळले नाही. तक्रार आहे ती भर कशावर दिला याबद्दल. खाद्यपदार्थांच्या कंपनीत उपाध्यक्षपदापर्यंत पोचलेला अधिकारी, सरकारी कलासंस्थेचा प्रमुख आणि वाद पेटवणाऱ्या निबंधांचा लेखक ही जोया यांची तीन रूपे लेखात ठळकपणे आली. ‘कॅथलिक’ हे विशेषण मात्र जन्मतारखेसारखे एकदा नोंदवून लेख पुढे गेला. जोया यांची श्रद्धा त्यांच्या कवितेत नेमके कोणते काम करते, याचा विचार झाल्याशिवाय हा परिचय पुरा होत नाही, असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

जोया यांचा जन्म १९५० साली लॉस एंजेलिसजवळच्या हॉथॉर्न येथे एका कष्टकरी कुटुंबात झाला. वडील सिसिलीहून आलेल्या घराण्यातले, टॅक्सी चालवणारे. आई मेक्सिकन वंशाची, टेलिफोन ऑपरेटर. महाविद्यालयाची पायरी चढणारे जोया हे त्या घरातले पहिलेच. शाळा कॅथलिक होती आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या कॅथलिक धर्मसभेनंतर, उपासना लोकभाषांत आली त्याआधीचा तो काळ असल्यामुळे चर्चमधली प्रार्थना लॅटिन होती. अर्थ कळण्याआधीच शब्दांचा नाद, त्यांची आवर्तने आणि सामूहिक उच्चार कानावर पडत राहणे, हे त्या पिढीच्या कॅथलिक मुलांच्या वाट्याला आपोआप आले. कविता ही आधी कानाने आणि शरीराने अनुभवायची गोष्ट आहे, तिचा अर्थ लावण्याचे काम त्यानंतरचे, असे जोया पुढे निबंधांतून सतत मांडत राहिले, त्याचे मूळ मला या बालपणात दिसते.

त्यापुढची वाटचाल आपल्या लेखात आलीच आहे. हार्वर्डमध्ये एलिझाबेथ बिशप आणि रॉबर्ट फिट्झजेराल्ड यांच्यासारख्या कवींकडे शिकूनही त्यांनी प्राध्यापकी पत्करली नाही, स्टॅनफर्डमधून व्यवस्थापनाची पदवी घेतली आणि १९७७ ते १९९२ अशी पंधरा वर्षे जनरल फूड्स या कंपनीत नोकरी केली. दिवसा कचेरी आणि रात्री कविता, तीही बराच काळ सहकाऱ्यांना पत्ता लागू न देता, हा तपशील कोणालाही चटकदार वाटेल. जेलो, म्हणजे त्या कंपनीची जेली, विकणारा कवी ही प्रतिमा त्यातूनच रूढ झाली. पण याच काळात, १९८७ मध्ये, त्यांचा पहिला मुलगा अवघ्या चार महिन्यांचा असताना झोपेतच गेला, आणि त्यांच्या कवितेला आज जे वजन आहे ते बऱ्याच अंशी या मृत्यूपासून सुरू होते. आपल्या लेखात याचा उल्लेख एका ओळीत आहे.

१९९१ साली ‘द गॉड्स ऑफ विंटर’ हा त्यांचा दुसरा संग्रह आला. त्यातली ‘प्लांटिंग अ सिक्वोया’ ही कविता आपल्या वाचकांनी अवश्य वाचावी. सिसिलीत पहिला मुलगा झाला की बाप ऑलिव्हचे किंवा अंजिराचे झाड लावतो, अशी रीत आहे. झाड फळे देते, आयुष्य पुढे चालू राहिल्याची ती खूण असते. या कवितेतला बाप आपल्या भावांबरोबर थंडगार वाऱ्यात गुडघे टेकून सिक्वोयाचे रोप लावतो आहे, कारण मूल राहिलेले नाही. मुळांभोवती तो बाळाचे थोडे केस आणि नाळेचा तुकडा गुंडाळतो. फळ न देणारे, पण हजारो वर्षे जगणारे हे झाड त्याने का निवडले ते शेवटी कळते : घरातले सगळे संपल्यावर, आठवण ठेवणारे कोणीही उरले नसताना, या मुलाचे काहीतरी जमिनीवर उभे असावे. वृत्तबद्ध कवितेचा कैवारी म्हणून ज्यांची ख्याती त्या जोया यांनी ही कविता मुक्तछंदात, लांब ओळींत लिहिली आहे. यमकाने दुःखाला फार लवकर नीटनेटकेपणा आला असता, हे त्यांनी ओळखले असावे.

या कवितेत ख्रिस्त, चर्च, स्वर्ग यांपैकी कशाचेही नाव येत नाही, तरी ती एका विधीची कविता आहे. माती, पाणी, केस आणि नाळ या वस्तू तिथे प्रतीक म्हणून मांडून ठेवलेल्या नसून हातांनी हाताळलेल्या आहेत. अदृश्य कृपा दृश्य वस्तूंतून पोचते, पाणी, तेल आणि भाकर यांना पर्याय नाही, ही कॅथलिक संस्कारविधींमागची मूळ धारणा आहे, आणि ती इथे एकही धार्मिक शब्द न वापरता कामाला लागली आहे. त्याच संग्रहातली ‘प्रेअर’ ही छोटी कविता आणखी पुढे जाते. तिच्यात एका अनाम शक्तीला नामावलीतल्यासारखी एकामागून एक विशेषणे लावून हाक मारली आहे. ती शक्ती देव आहे की चोर, हेही कवी ठरवत नाही. मागणे मात्र एकच आहे : त्याला सांभाळ. मेलेल्यांसाठी प्रार्थना करणे बहुतेक प्रोटेस्टंट पंथांनी सोडून दिले. कॅथलिकांनी ते जपले आणि २ नोव्हेंबर हा दिवसच सर्व मृतांच्या नावे राखून ठेवला. देवाच्या स्वरूपाबद्दल साशंक असलेला माणूसही मृतासाठी हात जोडणे सोडत नाही, हा या कवितेतला ताण मला कोणत्याही उघड धर्मकवितेपेक्षा खरा वाटतो.

मृत मुलाशी असलेले हे नाते एका संग्रहात संपलेले नाही. २०१२ च्या ‘पिटी द ब्यूटिफुल’ या संग्रहात ‘मेजॉरिटी’ नावाची कविता आहे. तिच्यात बाप इतरांची मुले पाहून मनाशी हिशेब करत राहतो की आपला मुलगा आज तीन वर्षांचा असता, सहाचा असता, दहाचा असता, आणि तो एकवीस वर्षांचा होतो तेव्हा कुठे त्याने घर सोडून स्वतःच्या वाटेने, म्हणजे मरणोत्तर वाटेने, जाणे बापाला स्वाभाविक वाटू लागते. मृत आणि जिवंत एकाच समुदायाचे घटक असतात, ही शिकवण धर्मप्रश्नोत्तरीत कोरडी वाटते. इथे ती वाढत्या वयाच्या मुलासारखी घरात वावरते.

आता निबंधांविषयी थोडे. मे १९९१ मध्ये ‘द अटलांटिक’ मासिकात आलेल्या ‘कॅन पोएट्री मॅटर?’ या निबंधाने जोया यांचे नाव झाले. कविता विद्यापीठांच्या लेखनवर्गांत कोंडली गेली आहे, कवीच कवींसाठी लिहितात, कवीच त्यांची परीक्षणे करतात, हा त्यांचा आरोप होता. त्यांच्या सूचनांपैकी एक अशी की कवींनी जाहीर वाचनात स्वतःबरोबर इतरांच्या कविताही म्हणाव्यात. दुसरी अशी की शिक्षकांनी कवितेची चिरफाड कमी करून तिचे पठण वाढवावे. २००३ ते २००९ या काळात नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स या सरकारी कलासंस्थेचे अध्यक्ष असताना त्यांनी शाळकरी मुलांसाठी ‘पोएट्री आउट लाउड’ ही पाठांतराची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली, ती याच विचारातून. त्याच काळातल्या त्यांच्या सैनिकांसाठीच्या लेखन-उपक्रमावर मात्र, इराकचे युद्ध चालू असल्यामुळे, टीका झाली, आणि ती सर्वस्वी अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. पुढे कॅलिफोर्नियाचे राजकवी झाल्यावर ते राज्यातल्या सर्व ५८ काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, जाऊन आले. वृत्त, ओवी, अभंग आणि मुक्तछंद यांचे वाद पचवलेल्या मराठी वाचकाला या सगळ्यात परके काही वाटू नये.

‘द कॅथलिक रायटर टुडे’ हा २०१३ चा निबंध मला तितकासा पटत नाही. अमेरिकेत तेव्हा कॅथलिक लोकसंख्येच्या सुमारे चतुर्थांश होते, तरीही साहित्यात त्यांचे अस्तित्व पुसट झाले आहे, विसाव्या शतकाच्या मध्यावर फ्लॅनरी ओकॉनर, वॉकर पर्सी, थॉमस मर्टन असे लेखक होते आणि आज तसे वातावरण नाही, अशी त्यांची खंत आहे. श्रद्धाळू कॅथलिक, केवळ संस्काराने कॅथलिक आणि चर्चशी भांडत राहिलेले कॅथलिक अशी त्यांनी केलेली विभागणी उपयुक्त आहे. पण ज्या सुवर्णकाळाचे ते गुणगान करतात, त्यातले पर्सी, मर्टन आणि रॉबर्ट लोवेल हे धर्मांतर करून आलेले लेखक होते. ओकॉनर जन्माने कॅथलिक, पण जॉर्जियासारख्या प्रोटेस्टंटबहुल राज्यात वाढलेल्या. म्हणजे ते साहित्य भरभक्कम कॅथलिक समाजाने घडवले असे म्हणण्यापेक्षा उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसांनी लिहिले, असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल. मग आजच्या उतरणीचे कारण समाजाच्या ढासळलेल्या आत्मविश्वासात शोधण्याला कितपत अर्थ उरतो?

हीच खंत त्यांनी कवितेत मांडली तेव्हा ती कितीतरी धारदार झाली. ‘द एंजल विथ द ब्रोकन विंग’ या कवितेत एका संग्रहालयातला लाकडी देवदूत स्वतः बोलतो. एका कारागिराने त्याला खेड्यातल्या चर्चसाठी कोरले. बायका त्याच्या पायाशी कुजबुजत्या आवाजात मृतांसाठी आणि मरणाऱ्यांसाठी प्रार्थना करत. क्रांतीच्या काळात चर्चची नासधूस करायला पाठवलेल्या सैनिकांनी त्याचा एक पंख तोडला, पण तोही जणू ओशाळून, एकाच घावात. आता वातानुकूलित दालनात त्याच्यासमोर कोणी गुडघे टेकत नाही. आकडेवारी नाही, लेखकांची यादी नाही. श्रद्धेची कलावस्तू होते तेव्हा तिचे काय हरवते, एवढेच देवदूत सांगतो, आणि देवाला सांगायचे कितीतरी राहून गेले आहे अशी त्याची तळमळ आहे. ही कविता चार-चार ओळींच्या यमकबद्ध कडव्यांत आहे आणि तिथे यमक शोभते, कारण बोलणारा स्वतःच कोरीव आहे. निबंधकार जोया यांना दिलेली निम्मी जागा जरी या कवितेला मिळाली असती, तरी आपल्या वाचकाला हा माणूस कळला असता.

मराठीला कॅथलिक कवी नवा नाही; फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्येच छापले गेले आणि त्यांनीही त्यासाठी इथली ओवीच निवडली. तेव्हा आपल्या पुरवणीला एक विनंती करतो : परवानगी मिळवून ‘प्लांटिंग अ सिक्वोया’ आणि ‘द एंजल विथ द ब्रोकन विंग’ या दोन कवितांचे मराठी अनुवाद छापावेत. पहिली मुक्तछंदात आणि दुसरी यमकांसह उतरवणारा अनुवादक शोधावा लागेल. ते काम सोपे नाही, पण दुसरीची यमके गाळून केलेला अनुवाद कृपया छापू नये.

आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक